मतदारसंघांच्या नकाशाची सुनावणी लागली की काय करायचं

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या मधोमध काळ्या मातीचा पट्टा आहे. इथे त्याला ब्लॅक बेल्टच म्हणतात. या कापसाच्या पट्ट्यात कृष्णवर्णीयांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या दाट. राज्यात त्यांचं प्रमाण साधारण 27 टक्के, पण 2021 च्या नकाशात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, 7 मतदारसंघांपैकी एकाच ठिकाणी ते बहुसंख्य होते. जानेवारी 2022 मध्ये खालच्या कोर्टाने तो नकाशा अडवला, फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली आणि त्या वर्षीची निवडणूक त्याच नकाशावर झाली. जून 2023 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल कृष्णवर्णीय मतदारांच्या बाजूने लागला, पण लोकांना नव्या नकाशावर मत देता आलं ते 2024 मध्ये. एक अख्खी निवडणूक हातची गेली. म्हणून मी इथल्या आपल्या मंडळींना सांगते, कोर्टावर भिस्त ठेवून बसू नका. नकाशा कागदावर असतानाच, मंजूर होण्याआधी, लोकांचं म्हणणं ऐकायला जी सुनावणी ठेवतात तिला जा.

2013 पर्यंत अलाबामाला असे बदल करण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. शेल्बी काउंटीच्या खटल्यात ती अट गेली. आता पहारा आपल्यालाच द्यायचा आहे. तोही फक्त काँग्रेससाठी नाही, काउंटी (म्हणजे जिल्हा) कमिशन आणि स्कूल बोर्डाच्या मतदारसंघांच्या सीमांवरही. तिथल्या बैठकांना तर चिटपाखरू फिरकत नाही.

नकाशा हाती आला की दोनच गोष्टी पाहा. आपली वस्ती फोडून चार ठिकाणी वाटली आहे का? की सगळी एकाच मतदारसंघात कोंबली आहे? ‘डेव्हज रीडिस्ट्रिक्टिंग’ या फुकट वेबसाइटवर हे घरबसल्या तपासता येतं.

मग निवेदन लिहा. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, त्यात ‘अन्याय होतोय’ एवढंच सांगून भागत नाही. आमच्या काउंटीत वॉर्डाची रेषा एका गल्लीच्या मधोमध गेली होती. माझ्या शेजारच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, “या गल्लीतली दोन्ही बाजूंची मुलं एकाच थांब्यावर बसची वाट पाहतात. चर्च एक, दवाखाना एक, पाऊस पडला की तुंबणारं गटारही एकच.” खोलीत सगळे गप्प झाले. असंच लिहायचं: रस्त्यांची नावं, शाळा, बस, गटार. लेखी प्रत द्या, ती नोंदीत घ्यायला सांगा आणि पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पुढे खटला उभा राहिला तर वकिलाला हाच कागद लागतो.

नकाशा मंजूर झाला की मतदान केंद्र बदललं का, ते प्रत्येकाचं नाव घालून तपासा. यादीत नाव सापडलं नाही तर तसंच परतू नका, प्रोव्हिजनल बॅलट, म्हणजे पात्रता तपासून मग मोजली जाणारी तात्पुरती मतपत्रिका, मागा. अपंगत्वामुळे किंवा लिहिता-वाचता येत नसल्यामुळे मदत हवी असेल, तर नोकरीवरचा मालक किंवा त्याचा माणूस आणि कामगार युनियनचा माणूस सोडून आपल्या पसंतीचं कुणीही बरोबर नेता येतं. आजींबरोबर मी जाते.