डीप पर्पलची लाइनअप डोक्यात कशी बसवायची

डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड नव्याने ऐकायला घेतलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या अल्बमला एकदा तरी थबकतोच, की अरे हा तोच बँड आहे ना? एकीकडे किंचाळणारा गायक, दुसरीकडे भारदस्त घोगरा आवाज, तिसरीकडे दोघं मिळून गातायत, आणि मग सदस्यांची यादी उघडावी तर नावंच नावं, त्यात परत गेलेले परत आलेले, आलेले परत गेलेले. ही यादी पाठ करायच्या भानगडीत पडूच नका, दोन दिवसांत विसराल. त्यापेक्षा पाच जागा धरा आणि कोणती जागा कधी हलली एवढंच बघा, कारण खरं सांगायचं तर दिसतो तेवढा गोंधळ ह्यात नाहीये.

पाच जागा म्हणजे ड्रम्स, कीबोर्ड, बेस, गिटार आणि गायक. ड्रम्स आधीच बाजूला काढून टाका, तिथे १९६८ पासून आजपर्यंत इयन पेस बसलाय, एकही लाइनअप, म्हणजे त्या-त्या काळचा पाच जणांचा संच, त्याच्याशिवाय नाही. कीबोर्डची जागा एकदाच बदलली, २००२ मध्ये जॉन लॉर्ड बँड सोडून गेला आणि डॉन एअरी आला, विषय संपला. राहिल्या तीन. आणि त्यातही गंमत अशी की सुरुवातीच्या काळात गायक आणि बेसवाला जोडीने बदलले, १९६९ ला एक जोडी गेली दुसरी आली, १९७३ ला ती गेली तिसरी आली. १९८४ नंतर बेसवर कायम रॉजर ग्लोव्हर. म्हणजे तेव्हापासून फक्त गायक आणि गिटार एवढंच लक्षात ठेवायचंय. बघा, अर्धं काम झालं.

आता 'मार्क वन', 'मार्क टू' असं जे सगळे बोलतात ते म्हणजे लाइनअपचे नंबर. पहिल्या चार नंबरांबद्दल कोणाचंच भांडण नाही, तेवढे वापरा. पुढच्यांवर फॅन लोक तासन् तास वाद घालतात, १९८४ ला जुनीच मंडळी परत आली तर तो मार्क टू धरायचा की वेगळा, गिटारवाला जो सॅट्रिआनी थोडेच महिने वाजवून गेला त्याला नंबर द्यायचा की नाही वगैरे, तिथे नंबर सोडून सरळ माणसाचं नाव घ्या. टर्नरवाला (गायक), मॉर्सवाला (गिटार) असं, हे दोघं पुढे येतीलच. कुणालाही कळतं.

आता ऐकायला कुठून सुरू करायचं? सगळे सांगतील मशीन हेड ह्या गाजलेल्या अल्बमपासून, पण लाइनअप समजून घ्यायची असेल तर माझं ऐका, हश ह्या एकाच गाण्यापासून करा. मूळ गाणं जो साउथचं, पण डीप पर्पलने १९६८ ला केलं आणि अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. हा मार्क वन: गायक रॉड एव्हन्स, बेस निक सिंपर, गिटार रिची ब्लॅकमोर, आणि लॉर्ड, पेस. एव्हन्सचा आवाज गुळगुळीत, पॉपकडे झुकणारा, बँड अजून बीटल्सच्या गाण्यांची स्वतःची व्हर्जन करतोय. मग त्याच गाण्याचं १९८८ चं रेकॉर्डिंग ऐका, नोबडीज परफेक्ट ह्या अल्बमवर आहे, त्यात इयन गिलन गातो. गाणं तेच, ब्लॅकमोर लॉर्ड पेस तेच, फक्त गायक-बेसची जोडी वेगळी. दोन्ही लागोपाठ ऐकलं की जोडी बदलल्याने काय होतं हे कुणी समजवावं लागत नाही. मार्क वनचे तीन अल्बम आहेत, सगळे ऐकायची गरज नाही, आवडलं तर ऐका.

१९६९ ला लॉर्ड आणि ब्लॅकमोरला जास्त जोरकस गायक हवा होता, एपिसोड सिक्स नावाच्या बँडमधून गिलन मिळाला आणि त्याच्याबरोबर गाणी लिहिणारा ग्लोव्हरही आला. जुन्या दोघांना न सांगता नव्यांची प्रॅक्टिस सुरू झाली होती, तिकडे जुनी लाइनअप अजून शो करतेय आणि इकडे नवी तयार होतेय. चांगला प्रकार नव्हता तो. पण आला तो मार्क टू, ज्याच्यामुळे आपण ह्या बँडबद्दल बोलतोय.

मार्क टूसाठी मात्र घाई करू नका, इथे माल जास्त आहे. क्रम असा ठेवा: आधी इन रॉक (१९७०), मग मशीन हेड (१९७२), मग लाइव्ह अल्बम मेड इन जपान. फायरबॉल मध्ये कधीही. इन रॉकचं कव्हर बघितलंत तर अमेरिकेतल्या रशमोर डोंगरावर राष्ट्राध्यक्षांच्या जागी ह्या पाचांचे चेहरे कोरलेत, म्हणजे लाइनअप कव्हरवरच छापलेली आहे, अजून काय पाहिजे. त्यावरचं चाइल्ड इन टाइम लावा आणि गायकाला सोडून आधी ऑर्गनकडे कान द्या. लॉर्ड त्याचा हॅमंड ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँपमधून वाजवायचा, म्हणून तो घरघरतो, खरखरतो, कधीकधी गिटार कुठली आणि ऑर्गन कुठला हेच कळत नाही. हे कळायला लागलं की लॉर्ड असलेली कुठलीही लाइनअप तुम्ही डोळे मिटून ओळखाल. मग गिलन ऐका, हळू आवाजापासून किंचाळीपर्यंत कसा चढत जातो ते. हा चढ पुढच्या कुठल्याच गायकाकडे असा नाही, तीच त्याची खूण.

मशीन हेडची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोच्या कसिनोला फ्रँक झॅपाच्या शोमध्ये आग लागली, जिथे रेकॉर्डिंग करायचं तीच जागा जळाली, मग रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलबाहेर लावून अल्बम केला. स्मोक ऑन द वॉटर हे गाणं म्हणजे ह्याच घटनेचा वृत्तांत आहे.

१९७२ च्या शेवटी गिलनने राजीनामा लिहून दिला आणि जून १९७३ पर्यंत थांबला, ओसाकाचा शो शेवटचा. ग्लोव्हरलाही जावं लागलं. म्हणजे परत जोडीच गेली. आता मार्क थ्री: गायक डेव्हिड कव्हरडेल, जो तोपर्यंत उत्तर इंग्लंडात कपड्यांच्या दुकानात काम करत होता, आणि ट्रॅपीझ बँडमधला ग्लेन ह्यूज, जो बेस वाजवतो आणि गातोही. इथे नवे लोक अडकतात कारण एकाच गाण्यात दोन गायक. साधी युक्ती, खालचा घोगरा ब्लूजवाला आवाज म्हणजे कव्हरडेल आणि वर तारसप्तकात जाणारा म्हणजे ह्यूज. बर्न (१९७४) चं टायटल साँग चार-पाच वेळा ऐका, कोण कुठे गातो ते हाताने दाखवता येईल. त्याच वर्षीचा स्टॉर्मब्रिंगर फंककडे झुकला, ते ब्लॅकमोरला पटलं नाही, १९७५ ला तो निघून गेला आणि रेनबो हा स्वतःचा बँड काढला.

मग मार्क फोर, फक्त गिटार बदललं: टॉमी बोलिन, अमेरिकन पोरगा, एकच अल्बम कम टेस्ट द बँड (१९७५). लोक ह्याला नावं ठेवतात, मला तर आवडतो, फक्त त्यात ब्लॅकमोर शोधत बसू नका. मार्च १९७६ ला लिव्हरपूलचा शो झाला आणि बँड मोडला. बोलिन त्याच डिसेंबरात वारला, वय २५.

आता इथे एक सापळा आहे. मेड इन युरोप हा लाइव्ह अल्बम १९७६ ला आला, म्हणून लोक धरून चालतात की त्यात बोलिन असणार. नाही! रेकॉर्डिंग एप्रिल १९७५ चं आहे, ब्लॅकमोरच्या शेवटच्या शोंचं. म्हणून लाइव्ह अल्बम घेतला की बाजारात कधी आला ते बघू नका, रेकॉर्ड कधी झाला ते बघा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. कलेक्शन अल्बममध्ये तर तीन-तीन लाइनअप मिसळलेल्या असतात, त्यावरून शिकायला जाऊच नका. आणि १९८० चं डीप पर्पल दिसलं तर तेही सोडा, रॉड एव्हन्सने भलत्याच माणसांना घेऊन ह्या नावाने शो केले होते, प्रकरण कोर्टात गेलं आणि तो हरला.

१९८४ ला मार्क टूचे पाचही जण परत एकत्र, परफेक्ट स्ट्रेंजर्स, जरूर ऐका. इथून पुढे फक्त गायक आणि गिटार. १९८९ ला गिलनला काढलं, जो लिन टर्नर आला, स्लेव्ह्ज अँड मास्टर्स हा एक अल्बम झाला. हा टर्नर रेनबोचा गायक होता, म्हणून तो अल्बम डीप पर्पलपेक्षा रेनबोसारखाच वाजतो. तसंही ह्या बँडमध्ये नवा माणूस दिसला की आधी रेनबोत डोकावायचं, ग्लोव्हर मधल्या काळात तिथेच होता, डॉन एअरीसुद्धा. उरलेले, म्हणजे कव्हरडेल, लॉर्ड आणि पेस, तेव्हा कव्हरडेलच्या व्हाइटस्नेक ह्या बँडमध्ये सापडतील.

गिलन १९९२ ला परत आला तो आजतागायत आहे, म्हणजे गायकाचाही प्रश्न मिटला. नोव्हेंबर १९९३ ला ब्लॅकमोर टूर अर्धवट टाकून कायमचा गेला, जो सॅट्रिआनीने ठरलेले शो निभावून नेले, मग १९९४ पासून स्टीव्ह मॉर्स, तब्बल २०२२ पर्यंत, म्हणजे सलग ब्लॅकमोरपेक्षा कितीतरी जास्त. तरी लोक त्याला 'नवा गिटारवाला' म्हणत राहिले. त्याचा पर्पेंडिक्युलर (१९९६) घ्या आणि आधी ब्लॅकमोरचं काहीतरी ऐकून मग लावा: ब्लॅकमोर सूर ताणतो, थांबतो, नाटक करतो, मॉर्स भराभर सुटे सूर मोजून वाजवतो. नंतर नाऊ व्हॉट (२०१३) लावा, तिथे लॉर्डच्या जागी एअरी आहे, ऑर्गनमधला फरक ऐकू येतो का बघा, पटकन येणार नाही. सध्या गिटारवर उत्तर आयर्लंडचा सायमन मॅकब्राइड आहे, त्याच्यासकट २०२४ ला इक्वल्स वन आला, तो सगळ्यात शेवटी ऐका आणि ऐकताना पेसचे ड्रम्स १९६८ च्या हशशी ताडून बघा.