प्रभुभोजनाचा रस घरी कसा करावा

पहिल्या वर्षी चूक माझ्याच हातून झाली. मे महिना होता. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळे भाकर आणि प्याला घेतात. त्या प्याल्यासाठीचा मनुक्यांचा रस शुक्रवारीच करून ठेवला आणि रात्रभर लाइट गेली. रविवारी झाकण उघडलं तर फस्स आवाज आला, वर बारीक फेस. तरी मी तोच प्याल्यांत ओतला. तीन महिन्यांपूर्वी दारू सोडलेल्या भावानं प्याला नाकाजवळ नेला अन् तसाच खाली ठेवला. "बाई, याले वास येते."

आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण मोहफुलाचा वास त्याच्या ओळखीचा होता.

आता मी शनिवारी संध्याकाळीच करते. चाळीस जणांना पाव किलो काळे मनुके पुरतात. दोनदा धुवायचे, लिटरभर उकळत्या पाण्यात दोन तास झाकून ठेवायचे. फुगले की त्याच पाण्यात हातानं कुस्करून वीस मिनिटं उकळायचे आणि सुती कपड्यातून गाळायचे. गाळलेला रस पुन्हा एक उकळी येईपर्यंत तापवायचा. ही दुसरी उकळी चुकवू नका, कारण आंबवणारे जंतू हातातून, कपड्यातून परत येतात. उकळलेल्या बाटलीत गरमच भरा. १८६९ मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी प्रभुभोजनासाठीच द्राक्षाचा रस असा तापवून टिकवला होता. सकाळी आधी वास घ्या. फेस दिसला तर ओतून द्या.

काही जण म्हणतात, बायबलातला द्राक्षारस म्हणजे ताजा रसच. मला ते पटत नाही. बायबलातल्याच इफिसकरांस पत्रात द्राक्षारसानं मस्त, म्हणजे धुंद, होऊ नका असं लिहिलंय, आणि ताज्या रसानं कोण मस्त होतं? पण शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूनं प्याल्यातल्याला 'द्राक्षवेलाचा उपज' म्हटलं. मनुकाही त्याच वेलाचा.

बायबलात तीमथ्याला लिहिलेलं वचन मला गावात फार ऐकवलं जातं: पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. मी नर्स होते, म्हणून सांगते. तो सल्ला एका आजारी माणसाला होता, आणि त्यात 'थोडा' हा शब्द आहे. येशूच्या गोष्टीत वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्यानंही द्राक्षारस जखमेवर ओतला. आज जखमेला साबण-पाणी आहे, जुलाबाला ओआरएस आहे.

मात्र रोज खूप पिणाऱ्याला प्रार्थनेच्या जोशात एका दिवसात दारू सोडायला लावू नका. हात कापतात, भास होतात, झटके येऊन जीवही जाऊ शकतो. आधी त्याला डॉक्टरकडे न्या, आणि सोबत मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, कोणीतरी रात्रभर थांबा.