जर्मनीत एमएस: अर्जाआधी अटींचा हिशेब घरीच करा

रँकिंग बघून दहा विद्यापीठे निवडायची आणि मग अटी वाचायच्या, हा क्रम उलटा आहे. युनि-असिस्ट, म्हणजे अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था, तिच्यामार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात. अर्ज फेटाळला गेला तरी ते परत मिळत नाहीत. बरेचसे नकार असे असतात, की कागद-पेन घेऊन अर्धा तास बसले असते तर आधीच कळले असते.

एक्सेल उघडा, प्रत्येक अभ्यासक्रमाला एक ओळ द्या. पहिला रकाना विषयवार क्रेडिटचा ठेवा, कारण सगळ्यात जास्त मुले इथेच अडकतात. जर्मन विद्यापीठाला तुमची शाखा कोणती यापेक्षा गणित किती, प्रोग्रॅमिंग किती, यात रस असतो, आणि ते मोजले जाते ईसीटीएसमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्रेडिटच्या एककात. तिकडे एका वर्षाचे ६० ईसीटीएस, म्हणजे आपल्या चार वर्षांच्या बीईचे ढोबळमानाने २४०. तुमच्या पदवीचे एकूण क्रेडिट १६० असतील, तर २४० भागिले १६०, म्हणजे गुणक १.५.

आता समजा, मेकॅनिकलवाल्याला डेटा सायन्सला जायचे आहे आणि अट आहे गणिताचे २४ ईसीटीएस. एम-१, एम-२, एम-३ हे गणिताचे पेपर मिळून १४ क्रेडिट झाले, तर हिशेब येतो २१. तीन कमी. पण न्यूमरिकल मेथड्सचा तीन क्रेडिटचा पेपर गणितात धरला गेला, तर २५.५ होऊन गाडी पुढे सरकते. तो गणितात धरायचा की मेकॅनिकलमध्ये, हे पेपरच्या नावावरून ठरत नाही, सिलॅबसवरून ठरते. म्हणून सिलॅबसची प्रत विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह आधीच काढून ठेवा. गुणक हा आपला अंदाज. शेवटचा शब्द जर्मन विद्यापीठाचा. काठावर असाल तर ती ओळ पिवळी करून ठेवा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी इथे जास्त जपावे. त्यांच्या पदवीच्या गुणपत्रिकांवर सहाच सत्रे असतात आणि एम-१, एम-२ नसतातच. त्यामुळे हिशेब २४० ऐवजी १८० वरून सुरू होतो. डिप्लोमाच्या गुणपत्रिका जोडता येतात, पण ते गणित पदवीच्या पातळीचे मानायचे की नाही हे विद्यापीठागणिक बदलते. जिथे २१० ईसीटीएसची पदवी मागितली आहे, तिथे आधी विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसरा रकाना ग्रेडचा. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास, आपल्या नेमके उलट. रूपांतराचे सूत्र असे: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. सीजीपीए ७.५ आणि पासाची पातळी ४ असेल, तर उत्तर २.२५. पासाची पातळी ५ धरली, तर त्याच ७.५ चे होतात २.५. अट '२.५ किंवा त्याहून चांगला' अशी असेल तर दोन्हीकडून निभावले, २.३ असेल तर एका आकड्याने खेळ संपतो. म्हणून गुणपत्रिकेच्या मागची ग्रेडिंग पद्धत ट्रान्स्क्रिप्टसोबत जोडलेली असलीच पाहिजे.

अटी कुठे वाचायच्या हाही प्रश्न आहे. इंग्रजी पानावर 'संबंधित शाखेची पदवी' एवढेच मोघम लिहिलेले असते. खरे आकडे असतात प्रवेशाच्या नियमावलीत, ती बहुधा जर्मन पीडीएफ असते. भाषांतराचे ॲप लावून वाचा, पण तीच वाचा. अभ्यासक्रम 'मुक्त प्रवेशा'चा आहे की मर्यादित जागांचा, हेही तिथेच कळते. मुक्त असेल तर अटी पूर्ण झाल्या की जागा मिळते. मर्यादित असेल तर अटी म्हणजे नुसते रांगेत उभे राहण्याचे तिकीट.

बाकीचे रकाने पटकन भरतात. इंग्रजीसाठी आयईएल्टीएस ६.५ ही नेहमीची अट, पण काही ठिकाणी प्रत्येक बँडलाही किमान असते. 'शिक्षणाचे माध्यम इंग्रजी' हे कॉलेजचे पत्र एकीकडे चालते, दुसरीकडे नाही. फी बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही, मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे.

तारखांचा रकाना मात्र नीट भरा. ऑक्टोबरच्या प्रवेशाची मुदत कुठे मार्च, कुठे मे, कुठे १५ जुलै. काही विद्यापीठे, वरचे म्युनिकचेही त्यातच, युनि-असिस्टचे व्हीपीडी हे पूर्वतपासणीचे प्रमाणपत्र मागतात; ते हातात यायला काही आठवडे जातात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारा दाखलाही, लागते, शुल्क १८,००० रुपये. ते नसले तर पुढचे सगळे लटकते. केटी राहिली असेल तर निकाल, ट्रान्स्क्रिप्ट, एपीएस अशी साखळीच मागे सरकते; मार्चची मुदत असलेले अभ्यासक्रम तेव्हाच यादीतून काढा.

पिवळ्या ओळींसाठी त्या अभ्यासक्रमाच्या सल्लागाराला मेल करा. एकच प्रश्न, एकाच विषयाचा, सिलॅबसची दोन पाने जोडून: 'हा पेपर गणितात धरला जाईल का?' उत्तर बहुधा येते. 'माझी प्रोफाइल बघून सांगा, प्रवेश मिळेल का?' असे विचारले, तर 'अर्ज करा, समिती ठरवेल' एवढेच उत्तर मिळते.