जिवाणू खत टाकूनही फरक पडत नाही? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जमीन रिकामी आहे असं धरून चालणं. एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू आधीच असतात, तेही हजारो प्रकारचे, आणि ते तिथल्या ओलीला, सामूला (जमीन आंबट की खारट त्याला) पक्के सरावलेले असतात. बाटलीतले मात्र लॅबमध्ये आयतं खाऊन वाढलेले. मातीत पडले की खाणं कमी, वरून प्रोटोझोआ (मातीतले सूक्ष्म एकपेशीय जीव) त्यांनाच खातात, त्यामुळे बऱ्याचदा काही आठवड्यांतच त्यांची संख्या झपाट्याने घटते. डोस दुप्पट करून हे सुटत नाही. रानभर फेकण्यापेक्षा बीजप्रक्रिया करा, म्हणजे पेरणीआधी बियाण्यालाच जिवाणू चोळा, किंवा रोपांची मुळं त्याच्या द्रावणात बुडवून लावा, कारण मुळांतून साखर झिरपते आणि त्यांना पहिला घास तिथेच मिळतो. जमिनीत सेंद्रिय कर्बच नसेल तर कुठलाही ब्रँड आणा, अवघडच आहे.

रायझोबियमबद्दल, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला देणाऱ्या जिवाणूबद्दल, जरा सविस्तर सांगते. त्याच रानात आधी तेच कडधान्य घेतलेलं असेल तर तिथे स्थानिक रायझोबियम असतातच आणि गाठी बहुतेक तेच अडवतात, मग ते नत्र नीट देवोत न देवोत. म्हणून नुसत्या गाठी दिसल्या की खूश होऊ नका. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप फावड्याने मातीसकट काढा, उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात, मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. पण गुलाबी गाठ तुमच्या पाकिटातल्याच जिवाणूने केली हे त्यावरून कळत नाही बरं का!

आणि "टाकलेले मेले, विषय संपला" हेही चूक. न्यूझीलंडमध्ये लोटस या चाऱ्याच्या पिकाला दिलेल्या मेसोरायझोबियमची (रायझोबियमचाच एक भाऊबंद) गाठी करणारी जीन्स मातीतल्या जिवाणूंनी उचलली, हे 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियात बिसेरुला या चाऱ्याच्या पिकात तसंच झालं, तिथले नवे जिवाणू गाठी करायचे पण नत्र फारच कमी द्यायचे. म्हणजे पाहुणा गेला तरी मागे काहीतरी ठेवून जातो, म्हणून गरज नसताना दर हंगामात वेगवेगळी मिश्रणं ओतत राहणं मला अजिबात पटत नाही.

बाकी नेहमीचं: बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र कालवू नका, बियाण्याला रायझोबियम सगळ्यात शेवटी लावा, सावलीत सुकवून लगेच पेरा. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत ट्रायकोडर्मा म्हणजे पैसे पाण्यात, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक (उपयोगी) बुरशी आहे. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असेल तर मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणारी मित्रबुरशी, मुळांत फारसा शिरत नाही, आणि कोबी-मोहरीच्या कुळाला तर तो लागतच नाही.

शेवटचं म्हणजे एक पट्टा काहीही न टाकता मोकळा सोडा, खत-पाणी बाकी सगळं सारखंच, आणि काढणीला दोन्हीकडचं उत्पादन वेगवेगळं मोजा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय बाटलीला जातं.