मस्टरमधल्या बाई कशा शोधायच्या

शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघाली, तेव्हा माझ्याकडे चार पानं आली: 'आपल्या शिक्षिका'. मी मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली, वेळच वेळ. म्हटलं, आठवड्याचं काम. लागले सात महिने! तुमच्या शाळेत कुणी अशी यादी करायला घेणार असेल, तर मी कुठे कुठे चुकले ते आधीच सांगून ठेवते.

परवानगी मुख्याध्यापकांची घ्या, लेखी. पण जुनी मस्टरं, म्हणजे शिक्षकांची हजेरीपत्रकं, कुठल्या कपाटात आहेत ते शिपाईमामांना विचारा. आमची १९४६ पासूनची मस्टरं प्रयोगशाळेच्या माळ्यावर, तुटक्या बाकांखाली होती. नाकाला रुमाल बांधा, कसर लागलेली पानं बोटाने उलटू नका, पट्टीने उलटा. प्रत्येक वर्षाचं फक्त जून महिन्याचं पान आधी बघायचं. नाव, नावामागचं कु., सौ. किंवा श्रीमती आणि सही, एवढं टिपून घ्यायचं. सहीचा मोबाइलवर फोटो काढाच. का, ते पुढे कळेल.

पहिला घोळ नावांचा. माझ्या पहिल्या यादीत एकसष्ट बाई होत्या, शेवटी उरल्या अठ्ठेचाळीस. मस्टरमध्ये आडनाव आणि दोन अक्षरं असतात. समजा, कु. देशपांडे पी. एम. मे महिन्यात लग्न झालं, की जूनमध्ये त्याच सौ. कुलकर्णी पी. आर. होतात. आडनाव गेलं, वडिलांचं अक्षर गेलं, नवऱ्याचं आलं. आणि सासरी ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहिलं असेल तर उरलेला 'पी'सुद्धा गेला. पुरुष शिक्षक तीस वर्षं एकाच नावाने सही करतो, त्याला शोधायला पाच मिनिटं लागतात. म्हणून बाईंना नावावरून नाही, रुजू झाल्याच्या तारखेवरून ओळखायचं. ज्येष्ठता यादीत ती तारीख असते आणि ती लग्नाने बदलत नाही. शिवाय सहीचं वळण. आमच्या एक बाई 'ल' असा काढायच्या, की पाच वर्षांच्या खंडानंतर दुसऱ्या आडनावाने परत आल्या तरी मी ओळखलं.

उलटी चूकही होते. जुन्या याद्यांत मागे काहीच लावलेलं नसतं, नुसतं 'जोशी एस. व्ही.'. पुरुष समजून मी ते नाव सोडून दिलं होतं. पुढे शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात 'जी. ए.' दिसलं. लेखनिक म्हणाले, बी. ए. लिहिताना चुकलंय. चुकलं नव्हतं. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, त्याच्या सुरुवातीच्या काळातली पदवी 'गृहीतागमा', म्हणजेच जी. ए. होती. ही अक्षरं दिसली की ती व्यक्ती बाईच! तसंच 'बी. टी.' म्हणजे पुढचं बी. एड. तेवढं माहीत असलं की गोंधळ होत नाही.

रजेच्या जागेवर आलेल्या बाईंना विसरू नका. ज्येष्ठता यादीत त्या सापडतच नाहीत, कारण काही महिन्यांची नेमणूक, मग घरी, मग पुन्हा जूनमध्ये नवी नेमणूक. त्यांच्यासाठी पगारपत्रकं आणि संस्थेच्या सभांची इतिवृत्तं वाचावी लागतात. आमच्याकडे एका बाईंनी असे सहा तुकडे करून जवळजवळ चार वर्षं गणित शिकवलं. कायम झाल्या नाहीत, फोटोत नाहीत. त्या कोण, हे अजून कळलेलं नाही.

कागद संपले की माणसं. दुपारी तीननंतर जा, सकाळी नको. 'नोकरीत अडचणी आल्या का?' असं विचारलं, तर सगळ्या 'नाही हो, छान गेलं' म्हणतात, मीसुद्धा तेच म्हटलं असतं. त्याऐवजी विचारा: कुठल्या एसटीने यायच्यात? मूल कुणाकडे ठेवून यायच्यात? शाळेत बायकांसाठी संडास कधी झाला? या शेवटच्या प्रश्नावर एक बाई दीड तास बोलल्या. आमच्याकडे तो शाळा सुरू झाल्यावर तब्बल एकवीस वर्षांनी बांधला, तोवर शेजारच्या वाड्यात जायचं. बांधकामाच्या हिशोबवहीत तारीख मिळाली. बाळंतपणाच्या रजेचंही विचारा. माझ्या वेळी नव्वद दिवस होती, आता एकशे ऐंशी. मी एक्क्याण्णवाव्या दिवशी नववी 'ब'वर उभी होते, आणि पहिला तास कसा गेला ते मला आजही सांगता येणार नाही.

हाक बदलत गेली तेही टिपा. आम्हाला मुलं 'बाई' म्हणायची. नव्वदनंतर 'मॅडम' झालं. मला बाईच आवडतं, पण यादीत माझं मत घालू नका म्हणून समितीने बजावलं.

सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या सगळ्या नोंदींची वही, मात्र कपाटातून परस्पर काढून वाचायचं नाही. बाईंकडे त्याची दुय्यम प्रत असते, त्यांना दाखवावीशी वाटली तर दाखवतील. जन्मतारीख, जात, पगार यातलं काही छापू नका. छपाईआधी कच्ची प्रत प्रत्येकीला, त्या नसतील तर घरच्यांना दाखवा. मी एका बाईंचं नाव सासरचं छापणार होते. त्यांनी पेन मागितलं, ते खोडलं आणि माहेरचं लिहिलं. म्हणाल्या, "बी. एड. याच नावाने केलं होतं."

तेव्हापासून तक्त्यात दोन रकाने ठेवलेत, रुजू होतानाचं नाव आणि निवृत्त होतानाचं नाव. कुठलं ठळक छापायचं ते ज्यांचं नाव त्यांनाच विचारायचं.