कोरड्या मोटारीचे नमुने थोडे असतील तर मॉडेल कसं शिकवावं

मराठवाड्यात उन्हाळा लागला की बोअरचं पाणी तुटतं, मोटार कोरडी चालते आणि वाइंडिंग जळतं. करंटच्या नोंदींवरून हे ओळखणारं मॉडेल (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) बनवायचं, तर नोंदींच्या हजार तुकड्यांत कोरड्या मोटारीचे वीसच आहेत असं धरू. सगळ्यांना ‘ठीक’ म्हणणारं मॉडेलही 98 टक्के अचूक ठरतं. तो आकडा बघूच नका.

सेकंदाला एक नोंद, 20 सेकंदांचा तुकडा, दर 10 सेकंदांनी पुढचा. लाइट गेल्यावरचा शून्य करंट आधी गाळा, नाहीतर मॉडेल भारनियमन शिकतं.

घोळ होतो तो विभागणीत, म्हणजे शिकवण्याचा आणि चाचणीचा डेटा वेगळा करताना. शेजारच्या दोन तुकड्यांतल्या निम्म्या नोंदी त्याच असतात. तुकडे पाडून मग पिसले, तर एक तुकडा शिकण्यात आणि त्याचा जुळा भाऊ चाचणीत जातो. गुण फुगतात आणि शेतावर मॉडेल आपटतं. म्हणून आधी बोअरनिहाय विभागा, तुकडे नंतर. आणि वीस तुकडे म्हणजे वीस घटना नव्हेत. तीनच वेळा पाणी तुटलं असेल, तर उदाहरणं तीनच. त्याच बोअरचा पुढचा काळ तपासायचा असेल, तर शिकवण्याच्या काळात एक आख्खा उन्हाळा हवाच.

कच्च्या नोंदींवर स्मोट (दुर्मीळ वर्गाच्या दोन नमुन्यांच्या मधला कृत्रिम नमुना बनवण्याची पद्धत) तर नकोच. एका तुकड्यात करंट चौथ्या सेकंदाला पडतो, दुसऱ्यात चौदाव्या. दोन्हींच्या मधला नमुना काढला की दोन पायऱ्यांनी उतरणारा करंट तयार होतो. पाणी एकदाच तुटलेली मोटार तसा दाखवत नाही. त्याऐवजी वर्गांना वजन द्या, म्हणजे दुर्मीळ वर्गातली चूक जास्त महाग धरा. एकूण तुकडे ÷ (वर्गांची संख्या × त्या वर्गाचे तुकडे): 1000 ÷ (2 × 20) म्हणजे कोरड्याला 25, तसंच ठीकला 0.51. नमुने वाढवायचेच असतील तर थोडं सरकवून, किंचित गोंगाट मिसळून, तेही फक्त शिकवण्याच्या भागात. चाचणीतलं प्रमाण जसंच्या तसं ठेवा.

मोजताना कोरड्या वर्गाचे प्रिसिजन (दिलेल्या इशाऱ्यांपैकी खरे किती) आणि रिकॉल (खऱ्या कोरड्यांपैकी पकडले किती) बघा. आरओसीचा वक्र (कोरडे किती टक्के पकडले आणि ठीकपैकी किती टक्के चुकून कोरडे ठरवले, यांचा आलेख) इथे उगाच देखणा दिसतो: 980 ठीक तुकड्यांवर 5 टक्के चूक म्हणजे 49 खोटे इशारे, खरे जास्तीत जास्त वीस.

शेवटी उंबरठा, म्हणजे मॉडेलचा 0 ते 1 मधला गुण कितीच्या वर गेला की तुकडा कोरडा म्हणायचा ती रेषा. वजनं लावल्यावर 0.5 ला काही अर्थ उरत नाही. तो पडताळणीच्या वेगळ्या डेटावर ठरवा, चाचणीवर नाही. रात्रपाळीच्या लाइटीत मोटार उगाच बंद पडली तर पाळी हुकते, म्हणून लागोपाठ तीन तुकडे कोरडे निघाले तरच बंद करा. त्यात 40 सेकंद जातात. तेवढा वेळ मोटारीला परवडत नसेल, तर तुकडाच लहान घ्या.