धावण्याचं जीपीएस घड्याळ: घेताना काय पाहायचं, हातात आल्यावर काय बदलायचं

धावणाऱ्यांच्या घड्याळाबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. पेस (एक किलोमीटरला लागणारा वेळ) उड्या मारतो, अंतर रेसच्या पाटीशी जुळत नाही, हृदयाचे ठोके भलतेच दिसतात, उन्हात आकडे वाचता येत नाहीत, घामेजल्या बोटाने नको ते दाबलं जातं. नव्या मॉडेलच्या जाहिरातीत मात्र झोपेचे गुण, थकव्याचा अंदाज आणि मॅरेथॉनचं भाकीत पुढे असतं. धावण्याबद्दलचे हे अंदाज ज्या जात्यात दळले जातात, त्यात धान्य दोनच पडतं: अंतर आणि ठोके. त्यात खडे असले की पीठही कचकचणारच. म्हणून आधी हे दोन, मग पडदा आणि बटणं, उरलेलं सगळं नंतर.

उपग्रह

मल्टी-बँड किंवा ड्युअल फ्रीक्वेन्सी म्हणजे घड्याळ एकाच उपग्रहाचे दोन संदेश ऐकतं: एल१ हा १५७५.४२ मेगाहर्ट्झवर आणि एल५ हा ११७६.४५ मेगाहर्ट्झवर. उंच इमारतींमध्ये किंवा कड्याखाली संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि घड्याळाला उपग्रह आहे त्यापेक्षा लांब वाटतो. एल५चा सांकेतिक कोड एल१च्या नेहमीच्या कोडपेक्षा दहापट वेगाने चालतो, त्यामुळे सरळ आलेला संदेश कोणता आणि प्रतिध्वनी कोणता हे वेगळं काढणं सोपं जातं. उघड्या रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. दाट वस्तीत मात्र एकाच बँडवर चालणाऱ्या घड्याळाची नकाशावरची रेघ खुशाल घरांच्या आतून जाते. मोकळ्या माळावरच पळत असाल तर यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

हा मोड बॅटरी खातो. ‘ऑटो’ पर्याय असेल तर रोजच्या पळण्याला तो ठेवा, रेसच्या दिवशी मल्टी-बँड पूर्ण वेळ चालू करा. मार्ग नोंदवण्याचा पर्याय ‘स्मार्ट’ असेल तर ‘दर सेकंदाला’ करा. स्मार्ट नोंदणी मोजकेच बिंदू साठवते आणि मग साठवलेल्या मार्गावरची वळणं कापली जातात.

सुरुवातीला घाई नको. जीपीएस उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो आणि दर ३० सेकंदांनी तीच पुन्हा सांगतो. हीच माहिती पुढच्या काही दिवसांपुरती फोनवरून आधीच घड्याळात भरलेली असेल तर जोडणी काही सेकंदांत होते. आठवडाभर घड्याळ फोनशी सिंक केलं नसेल तर उपग्रहांचं बोलणं ऐकत उभं राहावं लागतं. रेसच्या आदल्या रात्री ॲप उघडून सिंक करा. सकाळी मोकळ्या आकाशाखाली थांबा आणि ‘रेडी’ दिसल्यावर आणखी एक मिनिट द्या. जागा ठरवायला किमान ४ उपग्रह लागतात आणि कामचलाऊ जोडणी झाली की घड्याळ तयार असल्याचं सांगून मोकळं होतं. पहिलाच किलोमीटर वेडावाकडा येतो तो बहुतेक वेळा यामुळे.

पेस

किलोमीटरला ५ मिनिटं या वेगाने तुम्ही सेकंदाला ३.३३ मीटर जाता. त्या एका सेकंदात मोजणी एका मीटरने चुकली तर पेस ३:५१ तरी दिसेल किंवा ७:०९ तरी. म्हणून घड्याळं हा आकडा गुळगुळीत करून दाखवतात, आणि गुळगुळीत केला की तो काही सेकंद मागे पडतो. याला पूर्ण इलाज नाही. मुख्य पडद्यावरून तात्कालिक पेस काढून टाका आणि तिथे लॅप पेस, म्हणजे चालू टप्प्याची सरासरी, ठेवा; टप्पा आपोआप पाडणारा ऑटो लॅप १ किलोमीटरवर. प्रत्येक लॅपच्या पहिल्या १००-२०० मीटरमध्ये हाही डगमगतो, तेवढं दुर्लक्ष करायचं.

इंटरव्हलमध्ये (जोरात आणि सावकाश आळीपाळीने पळताना) क्षणाचा पेस हवाच असेल तर बुटाला लावायचा छोटा सेन्सर, फूट पॉड, घ्या, पण तो जुळवल्याशिवाय वापरू नका. ट्रॅकच्या पहिल्या लेनमध्ये आतल्या कडेला धरून ४ फेऱ्या, म्हणजे १६०० मीटर, नेहमीच्या वेगाने पळा. पॉडने १६३२ दाखवले तर पॉडच्या सेटिंगमधल्या आधीच्या गुणकाला १६०० ने गुणून १६३२ ने भागा: १०० चा झाला ९८.०४. बूट बदलले की पुन्हा करा.

ट्रॅकवर नुसत्या जीपीएसवर विसंबू नका, कारण वळणं सतत कापली जातात. ट्रॅक मोड असेल तर लेनचा क्रमांक नीट भरा. पहिली लेन ४०० मीटरची असते, दुसरी साधारण ४०७ आणि चौथी ४२२. चौथीत पळताना पहिली निवडलेली राहिली तर दर फेरीला २२ मीटर फुकट जातात.

ट्रेडमिलवर अंतर हाताच्या हालचालीवरून ठरतं. दांडा धरून पळाल तर घड्याळाच्या लेखी तुम्ही जवळपास उभे आहात.

रेसमध्ये अंतर जास्त का दिसतं

हा घड्याळाचा दोष समजून अनेक जण ते बदलायला निघतात. प्रमाणित मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो, वळणांवर कडेच्या दगडापासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून ०.१ टक्का, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर, वर धरलेले असतात. त्या रेषेवरून कोणीच पळत नाही. लोकांना ओलांडायचं असतं, पाण्याच्या टेबलाकडे जायचं असतं, वळण बाहेरून घ्यावं लागतं. त्यात जीपीएसची थरथर मिसळली की ४२.१९५ चे ४२.६ किंवा ४२.७ होणं अगदी साहजिक आहे.

त्याची किंमत हिशेबात दिसते. ४ तासांचं लक्ष्य असेल तर पेस ५:४१ निघतो. पण तुमचं घड्याळ शेवटी ४२.७ दाखवणार असेल आणि तुम्ही त्याच्या पडद्यावर प्रामाणिकपणे ५:४१ धरून ठेवलात, तर तुम्ही पोहोचाल सुमारे ४ तास २ मिनिटं ४० सेकंदांनी. घड्याळावर ५:३७ दिसायला हवा होता.

यावर जुनाच उपाय सगळ्यांत चांगला: ऑटो लॅप बंद, आणि पाटीपाशी हाताने लॅपचं बटण. दर किलोमीटरला दाबायची गरज नाही, एखादी पाटी चुकीच्या जागी लावलेलीही असते. दर ५ किलोमीटरला दाबा. ४ तासांसाठी तो टप्पा २८ मिनिटं २६ सेकंदांचा हवा. दोन टप्प्यांमध्ये पडद्यावर लॅपचा वेळ आणि एकूण वेळ पुरतात. ऑटो पॉझ बंद ठेवा. तुम्ही पाणी प्यायला थांबलात म्हणून रेसचं घड्याळ थांबत नाही.

ठोके

मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताची ये-जा मोजतो. घड्याळ सैल असेल तर ते पावलागणिक हलतं आणि सेन्सर ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: सावकाश पळताना ठोके अचानक १७० च्या आसपास जाऊन तिथेच चिकटले आणि पावलांचा दर मिनिटाला तितकाच असेल, तर तो आकडा पायांचा आहे. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधा, सरकणार नाही इतपत घट्ट, पण बोटांना मुंग्या येतील इतकं नाही. थंडीत कातडीकडचा रक्तप्रवाह कमी होतो, म्हणून वॉर्म-अप झाल्याशिवाय आकड्यावर विश्वास नको.

छोट्या इंटरव्हलमध्ये मनगटाचा आकडा मागे राहतो. तिथे छातीचा पट्टा लागतोच. त्याचे इलेक्ट्रोड बांधण्याआधी ओले करा. कोरड्या पट्ट्यावर पहिली दहा मिनिटं वेडेवाकडे आकडे येतात आणि घाम आला की आपोआप सुधारतात. पळून झाल्यावर पट्टा धुवा, त्यावरचा सेन्सर काढून ठेवा. ओला पट्टा सेन्सरला जोडलेला राहिला तर बॅटरी लवकर संपते.

आणखी एक गोष्ट लगेच बदला: कमाल ठोके. घड्याळं बहुधा २२० वजा वय हे सूत्र भरून ठेवतात. खरा आकडा त्यापेक्षा १०-१२ ने सहज वेगळा असू शकतो, आणि मग त्यावरून ठरणारे सरावाचे सगळे झोन एका पायरीने सरकतात. एखाद्या जोरदार ५ किलोमीटर रेसमध्ये पट्ट्याने नोंदलेला सर्वांत वरचा आकडा यापेक्षा बरा.

पडदा, बटणं, बॅटरी

दुकानात नको, बाहेर उन्हात पाहा. एमआयपी पडदा (बाहेरच्या उजेडावर दिसणारा) ऊन पडेल तितका स्पष्ट होतो आणि बॅटरी कमी घेतो. ॲमोलेड (स्वतः उजळणारा) अंधारात सुरेख दिसतो, पण नेहमी चालू ठेवला तर बॅटरीचा दावा निम्म्यावरही येऊ शकतो. एका पडद्यावर तीनच आकडे ठेवा. सहा आकडे मांडता येतात, धावताना वाचता येत नाहीत.

सुरू, थांब आणि लॅप यांना खरी बटणं हवीतच. इथे तडजोड नको. घाम आणि पाऊस यांनाही टचस्क्रीन बोट समजतो, म्हणून पळताना टच बंद करता येतो का तेही पाहा. सरावाचे टप्पे भरताना लक्ष्य पेसच्या मागेपुढे सूट ५ सेकंदांचीच ठेवली तर घड्याळ अखंड कोकलत राहतं. १० ते १५ ठेवा.

बॅटरीचा छापील तास-आकडा कोणत्या मोडचा आहे ते वाचा. तुमच्या सर्वांत लांब रेसच्या दीडपट तास, मल्टी-बँडमध्ये, हवेत. बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि थंडीत आणखी.

उंची हवेच्या दाबावरून मोजणाऱ्या घड्याळाला बारीक छिद्र असतं. त्यात घामाचं मीठ साचलं की सपाट रस्त्यावरही चढ दिसू लागतात. कोमट साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवून धुवा, टाचणी घालू नका.

सुधारणा मागायची असेल तर

‘अंतर चुकतं’ एवढ्याने कंपनीच्या हाती काही लागत नाही. घड्याळ स्वतः लिहितं ती मूळ फिट (FIT) फाइल जोडा. जीपीएक्स (GPX) या मार्गाच्या साध्या फाइलमध्ये घड्याळाच्या अंतर्गत नोंदी येत नाहीत. सोबत फर्मवेअरचा (घड्याळातल्या सॉफ्टवेअरचा) क्रमांक, उपग्रहाचा मोड, कोणत्या हातावर होतं आणि कितव्या मिनिटाला बिघडलं ते लिहा. तोच मार्ग तीन वेळा पळून तिन्ही फाइल्स पाठवल्या तर ‘त्या दिवशीचं हवामान’ हे उत्तर मिळत नाही. फाइल मूळ रूपात बाहेर काढता येते का, हे तर घेण्याआधीच तपासा. घड्याळ बदललं तरी वर्षांची नोंद आपल्याकडे राहायला हवी.

रेसच्या आठवड्यात फर्मवेअर अपडेट करू नका. अपडेटनंतर पडद्यांची मांडणी आणि फूट पॉडची जुळणी कधी कधी मूळ स्थितीला जाते, आणि ते कळतं स्टार्ट लाइनवर.